नेम धरलेली गावं

तुमसरहून उत्तरेला, गोबरवाहीच्या बाजूनं नाकाडोंगरीकडे निघालं की भंडारा जिल्ह्याची भाताची बांधी आणि तळी हळूहळू मागे पडतात. सागाचं आणि मोहाचं जंगल सुरू होतं, टेकड्या जवळ येतात, रस्त्यावर मँगनीजची काळी माती दिसू लागते. नाकाडोंगरी हे वनपरिक्षेत्राचं ठिकाण. पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. आजूबाजूला डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी. भंडारा म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला तलाव आणि पितळेची भांडी आठवतात, त्यात हा कोपरा सहसा नसतो.

चांगली सवय कशी लावावी आणि ठरवलेली गोष्ट अर्ध्यावर का सुटते, हा प्रश्न आज पुण्या-मुंबईत पुस्तकांच्या दुकानात एका अख्ख्या कपाटाला पुरतो. पहाटे पाचचा गजर, मोबाइलवरचं ॲप, जानेवारीत भरलेली व्यायामशाळेची फी. तुमसर, मोहाडी, मौदा या पट्ट्यात हाच प्रश्न गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं फार गंभीरपणे हाताळला गेला आहे, पण तिथं त्याला कुणी 'मोटिव्हेशन' म्हटलं नाही. तिथं प्रश्न सरळ होता. घरातला कर्ता माणूस संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर जातो. तो जाणं थांबवायचं कसं, आणि थांबल्यावर पुन्हा जाऊ नये याची तजवीज काय?

त्याआधी मोहाबद्दल थोडं सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात. उजाडायच्या आत अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतं. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळेच. उशीर झाला तर गुरं खाऊन जातात, जंगलाकडेच्या झाडांखाली अस्वलही येतं. मोह वेचताना अस्वलानं हल्ला केल्याच्या बातम्या पूर्व विदर्भात दरवर्षी वाचायला मिळतात. फूल पाचोळ्यात हरवू नये म्हणून झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन साफ करायची जुनी रीत आहे. तोच जाळ पुढे सरकून वणवा होतो, म्हणून वनखातं दर उन्हाळ्यात विनवण्या करतं आणि झाडाखाली जाळी बांधा म्हणून सांगतं. वेचलेलं फूल अंगणात वाळवलं की पिवळसर पांढऱ्याचं तपकिरी होतं, मनुक्यासारखं चिवट लागतं. त्यातलं काही व्यापाऱ्याकडे जातं, काही पावसाळ्यातल्या टंचाईसाठी घरात राहतं आणि काही मडक्यात आंबायला पडतं. या महिन्या-दीड महिन्यात पहाटे चारला उठायला कुणाला निर्धार करावा लागत नाही. झाड वेळ ठरवतं, शेजारच्या झाडाखाली शेजारीण आलेली असते आणि फूल उद्यापर्यंत थांबत नाही. सवयीच्या शास्त्रातलं बरंचसं एवढ्यात आलं.

खाणींनी या भागात दुसरं घड्याळ आणलं. मँगनीजचा शोध घेणाऱ्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' या इंग्रजी कंपनीची स्थापना १८९६ ची. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात तिनं आणि इतरांनी खाणी उघडल्या, आणि तुमसरपासून तिरोडीपर्यंतचा रेल्वेमार्ग खनिजासाठीच आत शिरला. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीत 'मॉइल' ही खाणकंपनी उभी राहिली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारांच्या मालकीची झाली. डोंगरी बुजुर्गची खाण खुली, तिथलं खनिज बॅटरीच्या कामाला येतं. चिखल्याची जमिनीखाली गेलेली. पेरणी-कापणीच्या हिशेबानं जगणाऱ्या माणसाला इथं हाजिरी, पाळी आणि रोख मजुरी कळली. रोख मजुरीच्या पाठोपाठ गुत्ता आला. हे काही याच खाणींचं वैशिष्ट्य नव्हे, मुंबईच्या गिरणगावातही पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या दारात उभ्या राहत. पण गिरणगावात पिणाऱ्याला दारू विकत घ्यावी लागे, इथं ती परसातही गाळता येत होती.

कायद्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि काँग्रेस मंत्रिमंडळानं १९३८ मध्येच मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा केला. पुढे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली, ती गांधीजींच्या वास्तव्यामुळे. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकआंदोलनातून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. भंडाऱ्यात ती आली नाही. कायदा दुकान बंद करू शकतो. जे घर स्वतःच दुकान आहे तिथं त्याचा हात पोचत नाही.

मग ज्यांचा हात पोचला त्यांच्याकडे वळायला हवं. त्यातलं पहिलं नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे तुकडोजी महाराज, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ मध्ये जन्मले. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहून आले आणि १९४२ च्या आंदोलनात पकडले जाऊन नागपूर-रायपूरच्या तुरुंगात राहिले. खंजिरीवरच्या भजनानं हजारोंची सभा हलवणारा हा माणूस. पण त्यांच्या कामाचा खरा कणा खंजिरीत नव्हता, वेळापत्रकात होता. सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. मूर्तीऐवजी एक आसन, त्याला म्हणायचं अधिष्ठान. समोर ओळीनं बसायचं, कोण कुठल्या जातीचा हे न पाहता. प्रार्थना आटोपली की गावाच्या कामांची बोलणी. पहाटे उठून ग्रामसफाई. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव झाल्या त्या या ठरलेल्या क्रमावर. भजनाला आलेला माणूस भारावतो आणि घरी जाऊन झोपतो, हे तुकडोजींनी पुरेपूर ओळखलं होतं असं त्यांच्या रचनेवरून वाटतं. भारावलेपण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिकवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काहीतरी ठरलेलं हवं.

त्यांची ग्रामगीता ४१ अध्यायांची, ४६७५ ओव्यांची. भक्तीच्या अपेक्षेनं उघडणाऱ्याला तिच्यात ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, श्रमसंपत्ती, सण-उत्सव असे अध्याय भेटतात, आणि सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय आहे. अमरावती जिल्ह्यातलेच गाडगेबाबा हेच आणखी रोखठोकपणे करत. गावात शिरले की आधी झाडू, मग कीर्तन. श्रोता कीर्तनाला बसण्याआधीच त्याच्या डोळ्यांदेखत गाव स्वच्छ झालेलं असे. या दोघांच्या नावानं राज्य सरकारनं पुढे ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धा आणि अभियानं चालवली. बक्षिसाच्या वर्षी गाव चकचकीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा उकिरडा, हा अनुभव अनेक गावांनी घेतला. बक्षीस मिळवणं आणि सवय लागणं ही दोन वेगळी कामं, हे सरकारी फायलीला पटवणं कठीण.

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळलं जातं. पावणेपाचला नाही, पाचलाही नाही. लाखांची गर्दी त्या मिनिटाला स्तब्ध होते. एरवी दोन तास उशिरा सुरू होणाऱ्या सभांच्या या देशात ही गोष्ट चमत्काराच्या जवळची आहे.

दुसरं नाव पूर्व विदर्भाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि भंडारा जिल्ह्यात मात्र ते घराघरांत आहे. महानत्यागी बाबा जुमदेवजी ठुब्रीकर. जन्म ३ एप्रिल १९२१, नागपूर. गोळीबार चौकाच्या विणकर वस्तीतला साधा संसारी माणूस. स्वातंत्र्यानंतरच्या काळात त्यांच्याभोवती जमलेल्या लोकांतून 'परमात्मा एक' हा मार्ग उभा राहिला. ३ ऑक्टोबर १९९६ ला बाबा गेले, पण मंडळं वाढतच राहिली. मौदा, मोहाडी ही त्यांची मोठी केंद्रं. अनुयायी स्वतःला सेवक म्हणवतात, भेटल्यावर 'नमस्कारजी' म्हणतात. घराच्या दर्शनी भिंतीवर 'परमात्मा एक' लिहिलेलं असलं की गावाला कळतं, या घरानं मार्ग घेतला.

या मार्गाचा सांगाडा बोटांवर मोजता येतो. चार तत्त्वं, तीन शब्द, पाच नियम. तीन शब्द म्हणजे सत्य, मर्यादा, प्रेम. पाच नियमांत एक ईश्वर मानणं आहे, कुटुंबातली एकी आहे, कुटुंब मर्यादित ठेवणं आहे. आणि एक नियम वाईट व्यसनांचा. हा नियम ऐकण्यासारखा आहे, कारण तो नुसतं 'व्यसन सोडा' म्हणून थांबत नाही. तो नावं घेतो. दारू, सट्टा, जुगार, लॉटरी, कोंबड्यांची काती, पटाची होड. शेवटच्या दोन गोष्टी बाहेरच्याला कळणार नाहीत, पण भंडाऱ्याच्या माणसाला त्या डोळ्यांपुढे दिसतात. काती म्हणजे कोंबड्याच्या पायाला बांधलेलं धारदार पातं, आणि त्याच्या झुंजीवर लागणारे पैसे. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, आणि होड म्हणजे तिच्यावरची पैज. कुठल्याही उपदेशकानं वरून खाली टाकलेला हा नियम नाही. कुणीतरी गावात बसून, पैसा घरातून नेमका कोणकोणत्या वाटांनी बाहेर जातो याचा हिशेब मांडून तो लिहिला आहे.

मार्ग घेणारं कुटुंब बहुतेक वेळा संकटातून आलेलं असतं. आजार, कर्ज, घरातली भांडणं, भुताखेताची भीती. गावातला मार्गदर्शक त्यांना ठरावीक दिवसांचं कार्य देतो. पण आधी एक अट असते. घरातल्या सगळ्यांनी यायचं. नवरा पितो आणि बायको प्रार्थना करते, असं चालत नाही. घरातले जुने देव, तसबिरी, उतारे, गंडेदोरे काढायचे. मग रोजची प्रार्थना, ठरलेल्या दिवशी सेवकांची चर्चा बैठक, आणि त्या बैठकीत एकेकानं उठून आपला अनुभव सांगायचा. आधी काय होतं, काय सोडलं, आता काय आहे. अनुभव सांगणारा बहुधा शेतमजूर, खाणकामगार, नाहीतर पान-टपरीवाला. त्याला ऐकणारे सगळे त्याच्या गल्लीतले. तो काल कुठे होता हे त्यांना माहीत असतं.

इथं एक योगायोग सांगावासा वाटतो. ज्या १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभं राहिलं त्याच साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर भेटले, दोघंही दारूनं पिचलेले, आणि त्यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' सुरू झालं. तिथंही बैठक, तिथंही अनुभव सांगणं, तिथंही आपल्याहून मोठ्या शक्तीपुढे हार मानणं. ना त्यांना नागपूरची माहिती होती, ना नागपूरला त्यांची. एक फरक मात्र ठळक आहे. ॲक्रनमध्ये नाव लपवलं जातं. भंडाऱ्यात नाव भिंतीवर रंगवलं जातं. अमेरिकी शहरात माणसाला ओळखीपासून संरक्षण हवं होतं. खेड्यात ओळख लपवायची म्हटली तरी लपत नाही, तेव्हा तिचाच पहारा केला.

मानसशास्त्रज्ञांनी हे सगळं फार उशिरा मोजायला घेतलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी सवय निवडायला लावून बारा आठवडे त्यांचा माग ठेवला. न्याहारीनंतर पाणी पिणं, जेवणाआधी थोडं धावणं, अशा सवयी. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यांना आढळलं, पण माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही, हेही दिसलं. २१ दिवसांत आयुष्य बदला म्हणणाऱ्यांच्या धंद्यावर या अभ्यासाचा काही परिणाम झाला नाही, तो भाग वेगळा. पण मोझरीची सायंप्रार्थना किंवा सेवकांची बैठक पाहिली की हा निष्कर्ष ओळखीचा वाटतो. रोज तीच वेळ, तीच जागा, आधीच्या एका कामाला जोडलेलं पुढचं काम. आणि एक दिवस चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही तर त्याच्या दारात जाणारं कुणीतरी. ही शेवटची गोष्ट लॅलीबाईंच्या अभ्यासात नव्हती.

तरीही याची किंमत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. घरातले देव काढणं म्हणजे गावाच्या निम्म्या जगण्यातून बाजूला होणं. आखाडीची पूजा, मातेची जत्रा, सोयऱ्यांच्या घरचा नवस, या सगळ्यांपासून सेवक कुटुंब दूर राहतं, आणि भाऊ-भाऊ एकमेकांच्या कार्याला जात नाहीत अशी घरंही होतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना या मार्गातले अनुभव चमत्कारांच्या जवळ जाणारे वाटतात, आणि आजारात डॉक्टर आधी की कार्य आधी हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. व्यसन सोडवणारी यंत्रणा आणि श्रद्धेचं बंधन इथं एकाच दोरीचे पदर आहेत. एक सोडला तर दुसरा टिकेल का, याची परीक्षा कुणी घेतलेली नाही, आणि ज्या घरात पगार आता घरी येतो त्या घराला ती घ्यायचीही नाही.

बायकांनी मात्र धर्माची वाट पाहिली नाही. राज्यात दारूच्या दुकानावर मतदान घेण्याची तरतूद आली तेव्हा गावोगावच्या बायका मतपत्रिका घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. निम्म्या म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या. नोकरीला किंवा मजुरीला बाहेरगावी गेलेल्या लेकी-सुना यादीत असतात, रांगेत नसतात, म्हणून कित्येक गावं थोडक्यात हरली. आमदार निवडून यायला एवढी अट असती तर विधानसभेच्या किती जागा रिकाम्या राहिल्या असत्या, कुणी मोजावं.

गावातलं मोहाचं फूल गळतंच आहे, पण सेवकांच्या घरात ते आता बहुतेक विकायला जातं. बदल झाला तो मडक्यात. जुन्या नियमातल्या इतर वाटाही वेगवेगळ्या गतीनं बंद किंवा खुल्या झाल्या. लॉटरीच्या जागी मोबाइल आला, सट्टा खिशात आला आणि त्याला गुत्ताही लागत नाही, साक्षीदारही लागत नाही. नियमाच्या यादीत मोबाइलचं नाव नव्हतं, असणारही कसं.

पटाची गोष्ट आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा जे काम नियमानं दशकानुदशकं घराघरांत चालवलं होतं ते एका निकालानं साऱ्या जिल्ह्यात झालं. पटाची मैदानं ओस पडली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला, आणि भंडारा-गोंदियात संक्रांतीच्या सुमारास पट पुन्हा भरू लागले. जोड्यांच्या पाठीमागे धावणारी पोरं, धुळीत उभे राहिलेले जाणते, दुकानांच्या रांगा, रात्री झाडीपट्टीचं नाटक. शर्यत बघायला कुणाला मनाई नाही, तरी सेवक घरातला तरुण मैदानाच्या कडेनं जरा लांबून चालतो. होड लावू नये असं त्याच्या आजोबांच्या वेळेपासून घरात चालत आलेलं असतं. मधल्या सात-साडेसात वर्षांत पटच नव्हता, म्हणून तो नियम पाळण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आता दर हिवाळ्यात ती येते.